राखीच्या पाकिटावरच्या दोन मूळ संख्या

माझी बहीण वाशीला राहते आणि मी ठाण्यात, चरईत. ट्रान्स-हार्बर लोकलने अर्ध्या तासाचं अंतर आहे, तरी राखी ती पाकिटात घालून टपालानेच पाठवते. आमच्या घरी राखी पोस्टमनच्या हातूनच येत आली आहे आणि ही पद्धत आम्हा दोघांनाही मोडायची नाही. यंदा पाकिटावरचे दोन्ही पत्ते भाचीने लिहिले. ती सातवीत आहे. शाळेत विभाज्यतेच्या कसोट्या नुकत्याच उजळून झाल्या होत्या, त्यामुळे समोर दिसेल त्या संख्येला ती भागून बघत होती. गाड्यांचे नंबर, लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक, काहीही. पाकीट पोचायच्या आधीच तिचा फोन आला.

"मामा, तुझा पिनकोड कशानेच जात नाही! आणि आमचापण नाही जात."

माझा ४००६०१, त्यांचा ४००७०३. मी विचारलं, कशानेच म्हणजे कशाकशाने भागून बघितलंस? तर दोन ते अकरापर्यंत. मग पुढे? पुढच्या कसोट्या शाळेत शिकवलेल्या नव्हत्या. म्हटलं, गणपतीच्या सुट्टीत इकडे ये, आपण दोघं मिळून बघू. त्या सुट्टीत वहीत जे जे उतरलं ते इथे मांडतो आहे. मी बरीच वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतो, पण मोठ्या संख्येची इतकी जवळून ओळख करून घ्यायची संधी मलाही क्वचितच मिळते.

आधी पिनकोडबद्दल थोडं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक नेमकं पोस्ट ऑफिस दाखवतात. म्हणजे ४००६०१ हे खरं तर ४०० आणि ६०१ असे दोन तुकडे शेजारी ठेवून केलेलं नाव आहे. टपाल खात्याला त्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते. पण अंक एका ओळीत मांडले की त्यांची एक संख्या होते, चार लाख सहाशे एक, आणि तिचे गुणधर्म तिच्याबरोबर येतातच. ते कोणी तिला द्यावे लागत नाहीत.

शाळेतल्या कसोट्या पटकन उरकू. शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+०+०+६+०+१ म्हणजे ११, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ बाद आणि ९ सुद्धा. ११ साठी एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या: ४+०+० झाले ४, आणि ०+६+१ झाले ७. फरक ३. शून्य नाही की अकराच्या पटीत नाही, म्हणून ११ बाद.

सातची कसोटी मुलांना आवडत नाही, कारण शाळेत शिकवतात ती लक्षात राहत नाही. पण सहा अंकी संख्येसाठी एक सुंदर वाट आहे, आणि पिनकोडला तर ती जणू मापून शिवल्यासारखी बसते. ७, ११ आणि १३ ह्यांचा गुणाकार १००१ होतो. आता ४००६०१ म्हणजे ४०० हजार आणि ६०१. प्रत्येक हजाराच्या जागी १००१ घेतले, तर आपण ४०० जास्त घेतले. ते परत वजा करायचे. म्हणजे ४००६०१ = ४०० × १००१ + (६०१ − ४००). पहिल्या भागाला ७, ११, १३ तिघांनीही निःशेष भाग जातो. उरतात २०१. सबंध चार लाखांना भागायची गरजच नाही, मागच्या तीन अंकांतून पुढचे तीन वजा करा आणि तेवढ्यालाच भागा. २०१ ला ७ ने भागलं तर बाकी ५, ११ ने ३, १३ ने ६. तिघेही बाद, एका वजाबाकीत. भाचीने लगेच शेजारच्या कोपरीचा, म्हणजे ठाणे पूर्वेचा, ४००६०३ घेतला. ६०३ मधून ४०० गेले, २०३. आणि २०३ म्हणजे ७ × २९. "कोपरी सातने जातं!" तिला झालेला आनंद मला अजून दिसतो.

आता खरा प्रश्न. एखादी संख्या 'कशानेच जात नाही' हे खात्रीने कधी म्हणायचं? १ आणि स्वतः सोडून जिला दुसऱ्या कशाने भाग जात नाही, ती मूळ संख्या. मग चार लाख सहाशे पर्यंतच्या एकेका संख्येने भागून बघायचं का? अजिबात नाही. समजा ४००६०१ हा दोन संख्यांचा गुणाकार आहे. दोन्ही अवयव ६३३ किंवा त्याहून मोठे असतील, तर गुणाकार निदान ६३३ × ६३३ म्हणजे ४,००,६८९ होईल, आणि तो आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणजे दोघांपैकी एक तरी ६३२ किंवा त्याहून लहान असायलाच हवा. तो लहान अवयव सापडला नाही, तर मोठाही नाही. चार लाखांचं काम सहाशे बत्तिसांवर आलं. त्यातही ४, ६, ९ अशा संयुक्त संख्यांनी भागायचं कारण नाही, त्यांचे मूळ अवयव आधीच तपासून झालेले असतात. म्हणून भागायचं फक्त मूळ संख्यांनी.

६३२ पर्यंतच्या मूळ संख्या मिळवायला आम्ही आलेखाच्या कागदावर चाळणी केली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने घातलेली वाट: २ ठेवून त्याच्या पुढच्या सगळ्या पटी खोडा, मग ३ च्या, मग ५ च्या. २३ पर्यंत खोडत गेलं की पुरतं, कारण २५ चा वर्ग ६२५ असला तरी २५ स्वतः मूळ नाही आणि पुढच्या २९ चा वर्ग ८४१, म्हणजे कागदाबाहेर. खोडून खोडून उरल्या ११५ संख्या, शेवटची ६३१. सबंध चार लाख सहाशे एकची परीक्षा एकशे पंधरा भागाकारांत.

ते भागाकार आम्ही हातानेच केले. कॅल्क्युलेटरला मीच नाही म्हटलं होतं. पहिल्या दुपारी ५९ शी एक प्रसंग घडला. वहीचं पान संपलं म्हणून भाचीने नवीन पानावर संख्या पुन्हा उतरवली, ५९ ने भागलं आणि ओरडली, "मामा, गेला! बाकी शून्य!" मी वही घेतली. भागाकार बरोबर होता: ५९ × ६७९० = ४,००,६१०. पानाच्या वर मात्र ४००६०१ ऐवजी ४००६१० उतरलं होतं. शेवटचे दोन अंक जागा बदलून बसले होते. तीही संख्या ठाण्याचाच एक पिनकोड आहे, आणि ती २ × ५ × ७ × ५९ × ९७ अशी पाच मूळ संख्यांत फुटते. अंक तेच, क्रम किंचित वेगळा, आणि एक संख्या कशानेच न फुटणारी तर दुसरीचे पाच तुकडे. अंकांकडे नुसतं बघून संख्येचा पोत कळत नाही, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण त्या पानाइतकं स्पष्ट मला कधी दाखवता आलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी दोन जागी आमचा श्वास अडकला. १७९ ने भागलं तर बाकी १७८. एकने हुकलं. पुढे ३७३ ने भागलं तर बाकी ३७२. पुन्हा एकनेच. म्हणजे पुढच्या संख्येला, ४००६०२ ला, १७९ आणि ३७३ दोन्हींनी पूर्ण भाग जाणार. ४००६०२ नौपाड्याचा पिनकोड. तो २ × ३ × १७९ × ३७३ निघाला. आमच्या दारावरून परत गेलेले दोघेही पाहुणे शेजारी नौपाड्यात उतरले होते.

६३१ ला भागाकार ६३४ आला आणि बाकी ५४७. एकशे पंधरापैकी एकही शून्य नाही. ४००६०१ मूळ संख्या आहे. त्याच ११५ बाक्यांत कुठेही ४ आलेला नाही, हे भाचीने यादी पुन्हा वाचताना हेरलं. त्याचा अर्थ ४ वजा केले तरी कोणाचाच भाग बसत नाही (२ आणि ३ तर शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज बघूनच बाद), म्हणजे ४००५९७ सुद्धा मूळ, आणि तेही नवा एकही भागाकार न करता. ३ आणि ५ किंवा ११ आणि १३ अशा दोनच्या अंतराच्या मूळ संख्यांना आपण जोडमूळ म्हणतो. चारच्या अंतराच्या जोडीला गणितात चुलत भावंडं म्हणतात. आमच्या पिनकोडला एक चुलत भाऊ निघाला.

आसपासच्या पिनकोडांचेही अवयव आम्ही काढले. कोपरीचा ४००६०३ = ७ × १५१ × ३७९. वागळे इस्टेटचा ४००६०४ = २ × २ × १,००,१५१, आणि हा शेवटचा लाखाच्या घरातला अवयव स्वतः मूळ आहे. कळव्याचा ४००६०५ = ३ × ५ × १७ × १५७१. प्रत्येक संख्या मूळ संख्यांत फोडता येते, आणि क्रम सोडला तर ती एकाच प्रकारे फुटते. कळव्याला १७ चा अवयव आहे तो कोणत्याही रीतीने गेलात तरी सापडणारच. ४००६०१ ते ४००६१५ ह्या पंधरा संख्यांत मूळ संख्या दोनच आहेत. एक आमची. दुसरी कोणती ते इथे सांगत नाही, भाची अजून तिच्या शोधात आहे.

पंधरांत दोन म्हणजे कमी की जास्त? मूळ संख्या पुढेपुढे विरळ होत जातात, आणि किती विरळ ह्याचा अंदाज देणारा नियम १८९६ साली दोन गणितज्ञांनी, हादामार आणि द ला वाले-पूसाँ ह्यांनी, स्वतंत्रपणे सिद्ध केला. एखाद्या संख्येच्या आसपास सरासरी किती संख्यांमागे एक मूळ असते, ते त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमवरून (कॅल्क्युलेटरवरचं ln) कळतं. चार लाखांसाठी ते उत्तर जवळजवळ १३ येतं. तेरांमागे एक. म्हणजे पंधरांत दोन हे वाट्यापेक्षा थोडं जास्तच. मूळ संख्या संपत मात्र कधीच नाहीत, हे युक्लिडला सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं.

बहिणीचा वाशीचा ४००७०३ आम्ही त्याच यादीने तपासला. त्याचं वर्गमूळ ६३३ च्या जरासं पुढे, पण ६३३ स्वतः मूळ नाही, म्हणून तेच ११५ भागाकार. हाही मूळ! म्हणजे त्या राखीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोन्ही पिनकोड मूळ होते. नवी मुंबईतले दुसरे बघितले तर नेरूळचा ४००७०६ आणि ऐरोलीचा ४००७०८ सम, तुर्भ्याचा ४००७०५ पाचने जाणारा, आणि कोपरखैरण्याचा ४००७०९ बराच वेळ मूळ वाटून शेवटी ६१ × ६५६९ निघाला.

दोन्ही मूळ, पण दोघी सारख्या नाहीत. त्यांच्यात एक खोल फरक आहे आणि तो दिसायला एक मिनिट पुरतं. दोन्हींना ४ ने भागा. ४ ची बाकी काढायला शेवटचे दोन अंकच लागतात, कारण १०० ला ४ ने पूर्ण भाग जातो. ०१ ची बाकी १, आणि ०३ ची बाकी ३. आता वर्गसंख्या घ्या: १, ४, ९, १६, २५, ३६. त्यांना ४ ने भागून बघा. सम संख्येच्या वर्गाची बाकी नेहमी ०, विषम संख्येच्या वर्गाची नेहमी १. मग दोन वर्गांची बेरीज केली तर बाकी ०, १ किंवा २ यायची. ३ कधीच येणार नाही. म्हणून वाशीचा ४००७०३ हा दोन पूर्ण संख्यांच्या वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही. लाखो जोड्या तपासायला नकोत, प्रश्न तिथेच मिटला.

उलट बाजू कठीण आहे. बाकी १ असणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि तीही एकाच प्रकारे, हे फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० च्या डिसेंबरात, अगदी नाताळच्या दिवशी, मेर्सेन ह्या विद्वानाला पत्रातून कळवलं होतं. त्याची पूर्ण सिद्धता मात्र ऑयलरने शंभरहून अधिक वर्षांनी दिली. म्हणजे आमच्या ४००६०१ मध्ये असे दोन वर्ग लपलेले असणार ह्याची हमी होती. फक्त ते शोधायचे होते.

इथे शेवटच्या अंकाने मदत केली. वर्गसंख्येचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ ह्यांपैकीच असतो. दोन वर्गांची बेरीज १ वर संपायची तर ० आणि १, किंवा ५ आणि ६, एवढ्याच जोड्या चालतात. म्हणजे दोघांपैकी एका संख्येचा शेवट ० किंवा ५ हवाच. मग ५ चा वर्ग वजा करून उरलेलं वर्गसंख्या आहे का बघा, नाही. १० चा, नाही. १५ चा, नाही. असं पाचापाचाने चढत गेलो. एकाहत्तराव्या पायरीला ३५५ आला. ३५५ चा वर्ग १,२६,०२५. तो वजा केला, उरले २,७४,५७६. आणि ५२४ × ५२४ नेमके तितकेच. वही बंद करून आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

४००६०१ = ३५५² + ५२४². ह्याचं चित्र असं: मैदानात ३५५ पावलं पूर्वेला जा आणि तिथून ५२४ पावलं उत्तरेला. निघालेल्या जागेपासून तुमच्यापर्यंतच्या तिरक्या रेषेवर चौरस उभारला तर त्याचं क्षेत्रफळ बरोबर चार लाख सहाशे एक चौरस पावलं. एवढंच नाही. दोन वर्ग सापडले की त्यांतून एक काटकोन त्रिकोणही मिळतो, ज्याच्या तिन्ही बाजू पूर्ण संख्या आहेत. दोन वर्गांतला फरक १,४८,५५१ ही एक बाजू, ३५५ आणि ५२४ च्या गुणाकाराची दुप्पट ३,७२,०४० ही दुसरी, आणि कर्ण ४,००,६०१. ज्यांना पायथागोरसचं प्रमेय आठवतं त्यांनी ताळा करून बघावा, बेरीज तंतोतंत जुळते. ह्या विषयात आपल्याकडचं एक नाव सांगायलाच हवं. दोन वर्गांच्या बेरजेच्या दोन संख्या एकमेकींशी गुणल्या तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो, हे ज्या सूत्रातून मिळतं ते ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६२८ च्या ग्रंथात आहे. ५ म्हणजे १+४, १३ म्हणजे ४+९, आणि त्यांचा गुणाकार ६५ म्हणजे १+६४. शिवाय १६+४९ सुद्धा.

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे स्वतःचे होते. चार लाख सहाशे एक वाटाणे ओळीत मांडले आणि त्यांचे सारखे ढीग करायला गेलात तर जमणार नाही, मग ती संख्या तुम्ही देवनागरीत लिहा, रोमन पद्धतीने लिहा नाही तर संगणकासारखी फक्त ० आणि १ वापरून ११०००० १११०० ११०११ ००१ अशी लिहा. पण काही गुणधर्म संख्येच्या लिखाणात असतात, आपण दहाच्या पद्धतीने जे अंक मांडतो त्यांत. त्यांना काही गणितज्ञ हलकं मानतात. मला ते पटत नाही. ह्या दुसऱ्या रानात सगळ्यात लांबवर हिंडलेला माणूस आपल्या ठाण्याच्या शाळेत शिकला होता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात. आयुष्यभर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. गणिताची पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, आणि डोक्यात अखंड संख्या. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. त्यांचा ६१७४ बहुतेकांनी ऐकलेला असतो. आमच्या पिनकोडातली दोन शून्यं काढली की ४, ६, ०, १ उरतात. उतरत्या क्रमाने ६४१०, चढत्या क्रमाने ०१४६, वजाबाकी ६२६४. पुन्हा तसंच: ६६४२ वजा २४६६, म्हणजे ४१७६. पुन्हा: ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती इथेच येते.

पण मला जास्त आवडतो तो त्यांचा दुसरा खेळ. संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४००६०१ ची बेरीज ११, मिळवली की ४००६१२: हा मुंब्र्याचा पिनकोड. नौपाड्याच्या ४००६०२ मध्ये १२ मिळवा, ४००६१४: सीबीडी बेलापूर. अशा रीतीने जवळजवळ प्रत्येक संख्येचा कोणीतरी जनक असतो. आमचा ४००६०१ सुद्धा ४००५८२ मधून येतो, कारण त्याच्या अंकांची बेरीज १९ आहे. पण काही संख्यांना जनकच नसतो. कापरेकरांनी त्या वेगळ्या काढल्या. त्यांना स्वयंभू संख्या म्हणतात, देवळाली संख्या असंही नाव आहे.

ठाण्यात एक पिनकोड स्वयंभू आहे. वर्तकनगरचा, ४००६०६. ह्याची सिद्धता सातवीतल्या मुलीला कळली, म्हणून देतो. सहा अंकांची बेरीज फार तर ५४, तेव्हा जनक असलाच तर तो ४००५५२ च्या खाली असू शकत नाही. ४००६०० आणि त्यापुढचे घेतले तर त्यांच्या अंकांची बेरीज निदान १०, म्हणजे ते ४००६१० वर किंवा त्याच्याही पुढे उडी मारतात. म्हणून जनक ४००५ ने सुरू होणारा हवा. त्याच्या दशकाच्या अंकाला द म्हणू, एककाच्या अंकाला ए. संख्या आणि अंकांची बेरीज एकत्र केली की येतात ४,००,५०९ अधिक ११ वेळा द अधिक २ वेळा ए. हे ४,००,६०६ व्हायचे तर ११द + २ए ची किंमत ९७ हवी. ९७ विषम आहे आणि २ए सम, म्हणून द विषम. द ९ घेतला तर ९९, पुढे गेलं. ७ घेतला तर ७७, उरले २०, म्हणजे ए १० व्हावा लागेल, आणि १० हा अंकच नाही. द आणखी लहान घेतला तर ए आणखी मोठा लागेल. वाट बंद. ४००६०१ ते ४००६१० ह्या दहांत बाकी सगळ्यांना जनक सापडतो, एकट्या वर्तकनगरला नाही.

भाचीने मला विचारलं की हे सगळं कोणाच्या उपयोगाचं. सरळ उत्तर आहे. मोबाइलवरून बँकेशी बोलताना वापरली जाणारी आरएसए नावाची कुलूपपद्धत १९७७ पासूनची आहे, आणि तिचा सगळा भार एकाच गोष्टीवर आहे: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोघी शोधणं भयंकर कठीण. नेहमीच्या वापरातला गुणाकार ६१७ अंकी असतो. २०२० साली २५० अंकी एक संख्या फोडली गेली, तेव्हा ते काम एकाच संगणक-गाभ्यावर केलं असतं तर सुमारे २,७०० वर्षं लागली असती. आमची ११५ भागाकारांची रीत तिथे निरुपयोगी आहे. गंमत अशी की संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर तिचे अवयव न शोधताही ठरवता येतं. ते नक्की आणि भरभर कसं ठरवायचं, ह्याची पहिली खात्रीची रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना ह्यांनी शोधली.

आणि त्या चुलत भावंडांचं? चारच्या अंतराच्या मूळ जोड्या अनंत आहेत का, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ साली गणितज्ञ यितांग झांग ह्यांनी दाखवलं की सात कोटींहून कमी अंतराच्या जोड्या तरी अनंत आहेत. ते अंतर पुढे अनेकांनी मिळून २४६ पर्यंत खाली आणलं. २४६ वरून ४ वर यायचं बाकी आहे.

भाची वाशीला परत गेली ती वही घेऊनच. काल तिचा फोन आला. पंधरांपैकी सम संख्या तिने एका दमात खोडल्या, ४००६०५ आणि ४००६१५ पाचवर गेले, कोपरी सातवर, ४००६०९ अकरावर, ४००६११ तीनवर. ४००६१३ ने तिला बराच वेळ झुलवलं, शेवटी ३१ ने गेला. आता यादीत ४००६०७ एकटाच उरला आहे, घोडबंदर रस्त्याकडचा. सातची बाकी ४, अकराची ९, तेराची १२. पुढे सतरा.